पेशीच्या वाटेवरचे वाहक

हे पान वाचून होईपर्यंत आपल्या शरीरात कोट्यवधी नव्या पेशी जन्माला आलेल्या असतील. अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होत असतात, आतड्याच्या अस्तरातील झिजलेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेत असतात, त्वचेच्या खालच्या थरातून नव्या पेशी वर सरकत असतात. यातील प्रत्येक पेशी आधीच्या एखाद्या पेशीच्या विभाजनातून आलेली असते. विभाजनापूर्वी पेशी आपल्या ४६ गुणसूत्रांची प्रत तयार करते आणि त्या जोडप्रतींतील एकेक प्रत प्रत्येक कन्यापेशीला देते. एक गुणसूत्र कमी पडले किंवा एक जास्त गेले, तरी त्याचे परिणाम गंभीर होतात.

आपण सर्वांनी शाळेत सूत्री विभाजनाच्या चार अवस्था पाठ केल्या आहेत : पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था. त्यांच्या आकृत्याही वहीत काढल्या आहेत. त्या आकृतीत गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी रांगेत उभी राहतात आणि पुढच्या आकृतीत ती दोन टोकांकडे निघालेली दिसतात. परंतु गुणसूत्रांना हात नाहीत आणि पायही नाहीत. त्यांना मध्यभागी कोण आणते? टोकांकडे कोण नेते? या प्रश्नांचे उत्तर गेल्या काही दशकांतील संशोधनाने बऱ्याच अंशी दिले आहे. हे काम करणाऱ्या रेणूंना ‘चालक प्रथिने’ म्हणतात. इंधन घेऊन ठरलेल्या दिशेने चालणारी, ओझे वाहणारी आणि दोर ओढणारी ही प्रथिने आहेत. त्यांचे काम समजले, तर आपल्या घरात, गावात नेहमी भेटणाऱ्या काही आजारांकडे पाहण्याची आपली दृष्टीही बदलते. म्हणून हा विषय या स्मरणिकेच्या वाचकांसमोर ठेवीत आहे.

पेशीला वाटा कशासाठी लागतात?

पेशी म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, अशी समजूत पुष्कळांची असते. लहान अंतरासाठी ती कल्पना चालूनही जाते. पाण्यात टाकलेला शाईचा थेंब जसा आपोआप पसरतो, तसे पेशीतील रेणूही पसरतात. परंतु अंतर वाढले की ही रीत निरुपयोगी ठरते. अंतर दहापट झाले, तर पसरायला लागणारा वेळ शंभरपट होतो. आपल्या कमरेच्या मणक्यांजवळून पावलापर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असतो. त्या तंतूच्या टोकाला लागणारी बहुतेक प्रथिने मात्र मणक्याजवळच्या पेशीकायेत तयार होतात. ती केवळ पसरत जाऊन पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचायची म्हटली, तर कित्येक शतके लागतील. प्रत्यक्षात हा माल दिवसाला सुमारे ४०० मिलिमीटर या वेगाने जातो आणि दोन-तीन दिवसांत पोहोचतो.

त्यासाठी पेशीत वाटा बांधलेल्या असतात. त्या मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या सूक्ष्मनलिका. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या जोड्या एकमेकींवर रचून, सुमारे २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी तयार होते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. दुसऱ्या वाटा म्हणजे ॲक्टिनचे तंतू. ते त्याहून बारीक, सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे असतात. दोन्ही वाटांना दिशा आहे. सूक्ष्मनलिकेचे एक टोक ‘धन’ आणि दुसरे ‘ऋण’ म्हणून ओळखले जाते. वाटसरू प्रथिनाला आपण कोणत्या दिशेला चाललो आहोत, हे त्या वाटेच्या रचनेवरूनच कळते.

तीन घराणी

चालक प्रथिनांची तीन मोठी घराणी आहेत. सर्वांत आधी हाती लागले ते मायोसीन. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी १८६४ मध्ये स्नायूंतून मिळालेल्या प्रथिनाला हे नाव दिले. ते ॲक्टिनच्या तंतूंवर काम करते. १९५४ मध्ये संशोधकांच्या दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की स्नायू आखडतो तेव्हा त्यातील तंतू आखूड होत नाहीत. ते एकमेकांवरून सरकतात. त्यांना सरकवण्याचे काम मायोसीनचे आहे.

दुसरे घराणे डायनीनचे. १९६० च्या दशकात इयान गिबन्स यांनी टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाच्या अंगावरील सूक्ष्म केसांतून, म्हणजे पक्ष्माभिकांतून, ते वेगळे केले. तिसरे घराणे कायनेसीनचे. अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत रोनाल्ड वेल, थॉमस रीझ आणि मायकेल शीट्झ यांनी १९८५ मध्ये ते शोधले. त्यासाठी त्यांनी माकूळ या समुद्रजीवाचा जाडजूड अक्षतंतू वापरला. मायोसीनच्या चालीवर काम करणारे जेम्स स्पुडिच, तसेच शीट्झ आणि वेल या तिघांना २०१२ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

कायनेसीन आणि डायनीन या दोघांचीही वाट सूक्ष्मनलिकांची. पण दिशा उलट. बहुतेक कायनेसीन प्रथिने धन टोकाकडे, म्हणजे सामान्यतः पेशीच्या मध्यापासून बाहेर जातात. डायनीन ऋण टोकाकडे, म्हणजे बाहेरून केंद्रकाच्या बाजूला येते. एक जाणारा, दुसरा परतणारा.

चाल कशी असते?

नेहमी आढळणाऱ्या कायनेसीनला दोन ‘पाय’ असतात; शास्त्रज्ञ त्यांना शीर्षे म्हणतात. वास्तविक काम मात्र पायांचेच. शेपटीकडील भागाला ओझे बांधलेले असते : प्रथिनांनी भरलेली पिशवी किंवा एखादी अख्खी तंतुकणिका. एक पाय वाटेवर घट्ट टेकलेला असताना दुसरा मागून पुढे येतो, मग पहिला. प्रत्येक पावलाला एटीपीचा एक रेणू खर्च होतो. एटीपीला आपण पाठ्यपुस्तकात पेशीचे ऊर्जाचलन म्हणून ओळखतो. ते चलन येथे अक्षरशः पावलागणिक मोजले जाते.

पाऊल ८ नॅनोमीटरचे असते. ट्युब्युलिनची एक जोडीही तेवढीच लांब असते, म्हणजे वाटेच्या प्रत्येक विटेवर एक पाऊल. अनुकूल परिस्थितीत सेकंदाला सुमारे १०० पावले पडतात. माणसाचे पाऊल ८० सेंटिमीटरचे धरले आणि तोही सेकंदाला १०० पावले टाकू लागला, तर त्याचा वेग ताशी २८८ किलोमीटर होईल. आणि हे सारे पाठीवर स्वतःहून कितीतरी मोठे ओझे घेऊन! असे सुमारे शंभर पावले चालल्यावर एकटे कायनेसीन बहुधा वाटेवरून सुटते. म्हणूनच लांबच्या वाहतुकीत एका ओझ्याला अनेक वाहक जोडलेले असतात.

एवढी बारीक चाल मोजण्याचे साधन म्हणजे प्रकाशाचा चिमटा. लेझरच्या केंद्रित झोतात सूक्ष्म मणी धरून ठेवता येतो आणि प्रथिन तो मणी किती जोराने ओढते, हे मोजता येते. या साधनाचे जनक आर्थर अश्किन यांना २०१८ मध्ये भौतिकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच साधन वापरून डायनीनचा अभ्यास केला. एकटे डायनीन कायनेसीनच्या मानाने दुबळे असते. परंतु ओझे वाढले की पुढचे डायनीन पाऊल आखडते घेते. त्यामुळे मागची डायनीन प्रथिने त्याला गाठतात आणि भार वाटून घेतात. दुबळ्या वाहकांचा समूह मोठे ओझे कसे ओढतो, हे या संशोधनाने २०१३ मध्ये दाखविले.

विभाजनाच्या वेळी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विभाजन सुरू होताना पेशी आपल्या जुन्या वाटा मोडते आणि त्याच विटांतून नवी रचना उभारते. तिला तर्कू म्हणतात. तारककेंद्रांच्या दोन जोड्या पेशीच्या दोन बाजूंना जातात आणि त्यांच्याकडून निघालेले तर्कूतंतू मध्यभागी एकमेकांत मिसळतात.

या दोन जोड्यांना दूर ढकलण्याचे काम एका खास कायनेसीनचे आहे. त्याला दोन्ही टोकांना मिळून चार पाय असतात. समोरासमोरून आलेल्या दोन तंतूंवर ते एकाच वेळी उभे राहते आणि दोन्हींवर चालू लागते. परिणामी तंतू एकमेकांपासून दूर सरकतात. त्याच वेळी पेशीच्या कडेला पाय रोवलेले डायनीन तर्कूची टोके आपल्याकडे ओढते. आतून ढकलणे आणि बाहेरून ओढणे यांच्या मेळातून तर्कूला आकार येतो.

प्रत्येक गुणसूत्राच्या कमरेला, गुणसूत्रबिंदूवर, प्रथिनांची एक पकड तयार होते. तर्कूतंतू त्या पकडीला येऊन चिकटतात. जी गुणसूत्रे एका बाजूला अडकून पडतात, त्यांना आणखी एक कायनेसीन उचलून मध्यभागी आणते. सर्व गुणसूत्रे दोन्ही बाजूंनी नीट बांधली जाईपर्यंत पेशी पुढे जात नाही. एकाही गुणसूत्राची पकड मोकळी असली, तरी तिथून ‘थांबा’ असा रासायनिक निरोप जात राहतो. पकड पक्की झाली, की हा निरोप देणारी प्रथिने तेथून वाहून नेण्यात डायनीनचा हात असतो. शेवटचा निरोप बंद पडल्यावर जोडप्रती सुटतात, तर्कूतंतू आखूड होऊ लागतात आणि गुणसूत्रे आपापल्या टोकाकडे जातात.

प्रकलविभाजन झाले, तरी पेशी अजून एकच असते. परिकलविभाजनाचे काम मायोसीनकडे आहे. प्राणिपेशीच्या मध्याभोवती ॲक्टिन आणि मायोसीन यांचे कडे तयार होते. बटव्याचे बंद ओढावेत, तसे ते आवळत जाते आणि एका पेशीच्या दोन होतात. मानवी पेशीत गुणसूत्रे दिसू लागल्यापासून येथपर्यंतचा प्रवास साधारण तासाभराचा असतो.

वाटणीतील चूक आणि समाजाचा दोषारोप

एवढी दक्षता असूनही कधी वाटणी चुकते. डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकाच्या पेशींत २१ व्या क्रमांकाचे एक गुणसूत्र अधिक असते. हे १९५९ मध्ये स्पष्ट झाले. ही चूक बहुतेक वेळा आईच्या बीजांडाच्या अर्धगुणसूत्री विभाजनात होते. याचे एक कारण समजून घेण्यासारखे आहे. स्त्रीची बीजांडे तिच्या स्वतःच्या जन्मापूर्वीच विभाजन सुरू करतात आणि अर्ध्या वाटेवर थांबतात. ती वीस, तीस, चाळीस वर्षे तशीच थांबून राहतात. एवढ्या काळात गुणसूत्रांना एकत्र धरणारी बंधने सैल होऊ शकतात. म्हणून मातेचे वय वाढते तशी ही शक्यता वाढते. परंतु ती तरुण मातेच्या बाबतीतही घडू शकते.

यात आईचे खाणेपिणे, तिची वागणूक, ग्रहण, कोणाची दृष्ट यांपैकी कशाचाही संबंध नाही. आपल्याकडे आजही अशा मुलाच्या आईला बोल लावला जातो. पेशीच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या तर्कूवर घडलेल्या घटनेसाठी एखाद्या स्त्रीला आयुष्यभर दोषी ठरविणे हा अन्याय आहे. तो थांबविणे आपल्या हाती आहे.

सदाफुली आणि कळलावी

कर्करोगाच्या पेशी अनिर्बंध विभागत राहतात. त्यांचा तर्कू बिघडवला, तर विभाजन अडते. या तत्त्वावर चालणारी दोन औषधे आपल्या अंगणातील सदाफुलीत सापडली. कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर १९५० च्या दशकात या वनस्पतीचा मधुमेहावरील उपयोग तपासत होते. साखरेवर परिणाम दिसला नाही. पांढऱ्या रक्तपेशी मात्र कमी झाल्या. त्यातून व्हिनब्लास्टीन मिळाले आणि पुढे व्हिनक्रिस्टीन. ही द्रव्ये ट्युब्युलिनला चिकटून सूक्ष्मनलिका बनू देत नाहीत. पॅक्लिटॅक्सेल हे यू वृक्षाच्या सालीतून मिळालेले औषध उलट रीतीने काम करते. ते वाटा मोडूच देत नाही. पावसाळ्यात आपल्या डोंगरकुशीत फुलणाऱ्या कळलावीतील कोल्चिसीन हे विषही ट्युब्युलिनवरच काम करते. मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, ही मोजणी १९५६ मध्ये पक्की झाली, तीही कोल्चिसीनने विभाजन मध्येच थांबवून.

केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाचे केस का गळतात आणि हातापायांना मुंग्या का येतात, याचा उलगडा येथे होतो. केसांच्या मुळांतील पेशीही झपाट्याने विभागतात, म्हणून त्यांना झळ बसते. चेतातंतूंतील वाहतूक तर त्याच सूक्ष्मनलिकांवरून चालते. वाटा बिघडल्या, की सर्वांत लांबच्या टोकांना, म्हणजे बोटांना, आधी त्रास होतो. रुग्णाने तो डॉक्टरांना अवश्य सांगावा. सदाफुलीची पाने चावून कर्करोग बरा होत नाही. पानांतील द्रव्याचे प्रमाण अत्यल्प आणि अनिश्चित असते. आणि कळलावी तर प्राणघातक आहे. औषध आणि विष यांतील अंतर मात्रेचे असते आणि ती मात्रा प्रयोगशाळेतच ठरते.

पेशींची हालचाल

विभाजनाबरोबरच पेशींचे चालणेही याच प्रथिनांवर अवलंबून आहे. बोटात काटा रुतला, की पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून जखमेकडे सरपटतात. पेशीच्या पुढच्या बाजूस ॲक्टिनचे तंतू वाढून पटल पुढे ढकलतात आणि मागच्या बाजूस मायोसीन आकसून उरलेली पेशी ओढून घेते. आपल्या श्वासनलिकेत असंख्य पक्ष्माभिका धूळ आणि कफ वर लोटत असतात; त्यांना वाकविणारे प्रथिन डायनीन. धूम्रपानाने या पक्ष्माभिका दुर्बळ होतात. ज्यांच्या पक्ष्माभिकांत डायनीनचे बाहू जन्मतःच नसतात, त्यांना वारंवार सर्दी, खोकला आणि छातीचे विकार होतात. अशा पुरुषांच्या शुक्रपेशीही पोहू शकत नाहीत.

मृत्यूनंतर देह ताठ होतो, त्यामागेही मायोसीनच आहे. ॲक्टिनवरची पकड सोडण्यासाठी मायोसीनला एटीपी लागते. श्वास थांबल्यावर एटीपी संपते आणि पकड तशीच राहते. काही काळाने प्रथिनांचा ऱ्हास होऊ लागला, की देह पुन्हा सैल पडतो.

त्याच वाटेने येणारा शत्रू

ज्या वाटेने अन्न जाते, त्याच वाटेने शत्रूही येऊ शकतो. पिसाळलेला कुत्रा चावला, की रेबीजचा विषाणू जखमेतून चेतातंतूंच्या टोकांत शिरतो. तेथून तो पेशीच्या परतीच्या वाहतुकीचा आधार घेत मज्जारज्जूकडे आणि मेंदूकडे जातो. चावा डोक्याच्या जितका जवळ, तितका प्रवास थोडा. या प्रवासाला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात आणि तोच काळ आपल्या हाती असतो. एकदा लक्षणे दिसली, की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

म्हणून जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटे धुवावी. मिरची, चुना, हळद काहीही भरू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे, लशीची सर्व इंजेक्शने ठरलेल्या दिवशी पूर्ण करावीत आणि डॉक्टरांनी सांगितल्यास जखमेत द्यावयाची प्रतिद्रव्येही घ्यावीत. उतारा करणाऱ्याकडे घालविलेला प्रत्येक दिवस विषाणूच्या प्रवासाला मिळतो.

नागिणीबद्दलची भीतीही अशीच निराधार आहे. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यावर त्यांचा विषाणू चेतापेशींच्या गुच्छात वर्षानुवर्षे सुप्त राहतो. पुढे शक्ती कमी झाली, की तो जाणाऱ्या वाहतुकीबरोबर त्वचेपर्यंत येतो. एका चेतातंतूच्या क्षेत्रात तो उमटतो, म्हणून पट्टा शरीराच्या एकाच बाजूला दिसतो. नागिणीची दोन तोंडे जुळली की माणूस दगावतो, या समजुतीला आधार नाही. पुरळ दिसताच पहिल्या तीन दिवसांत उपचार सुरू केले, तर त्रास पुष्कळ कमी होतो. डोळ्याजवळ उठल्यास मुळीच विलंब करू नये.

शाळेच्या प्रयोगशाळेत

चालक प्रथिने शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून दिसणार नाहीत. त्यांचे काम मात्र दिसते. पाण्यावर ठेवलेल्या कांद्याला मुळे फुटली, की मुळाचे कोवळे टोक कापून, ॲसिटोकार्माइनने रंगवून काचपट्टीवर दाबावे. शेकडो पेशींत काही पेशी अशा सापडतात, की ज्यांची गुणसूत्रे मध्यभागी रांगेत उभी आहेत. काहींत ती दोन टोकांकडे निघालेली असतात. कांद्यासारख्या सपुष्प वनस्पतींत डायनीन नसते. तेथे कायनेसीनचीच निरनिराळी रूपे विभाजनाचा भार उचलतात. मानवाच्या जनुकसंचात कायनेसीनची सुमारे ४५ जनुके आहेत आणि त्यांतील प्रत्येकाचे काम अजून पूर्ण उलगडलेले नाही.

आपल्या वसतिगृहातील जी मुले-मुली आज ती काचपट्टी प्रथमच पाहत असतील, त्यांनी आकृती काढण्यापूर्वी क्षणभर थांबून विचारावे, की या गुणसूत्रांना येथे कोणी आणले. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी शाळेला एक चांगला सूक्ष्मदर्शक मिळवून देण्यास हातभार लावला, तर तो प्रश्न विचारणारी मुले वाढतील.